मुलगी तायक्वांदो खेळते. 52 किलोवरून 49 त उतरवावं का?

कारेलीबागची आई
नमस्कार. मुलीला पंधरा पूर्ण झाली, दहावीत आहे. आम्ही बडोद्याचे, रोज संध्याकाळी मांजलपूरला सरावाला जाते. सध्या ज्युनिअरला 52 च्या आतल्या गटात खेळते. सर म्हणतात, ऑलिंपिकला 49 चा गट आहे, आत्तापासूनच उतरवा. त्यामुळे तिची पोळी बंद झालीये. रविवारी घरात सगळे सेवउसळ खातात आणि ही काकडी चावत बसते. तिच्या बाबांचं मत, खेळ शाळेपुरता असू दे. तिला मात्र देशाकडून खेळायचंय. आमच्याकडे या खेळातलं कुणी नाही. आजेसासरे जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे, तेवढाच काय तो वारसा. यात पुढे खरंच काही होतं का?

रावपुरेकर
वहिनी, स्पष्ट बोलतो. आजवर भारताचा एकही खेळाडू तायक्वांदोत ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला नाही. दहावीकडे लक्ष द्या.

मॅटवरची मावशी
ताई, आधी तिची पोळी सुरू करा. बाकीचं मग बोलू.

मी राष्ट्रीय स्पर्धा खेळले, आता पंच म्हणून उभी असते. वजनाच्या रांगेत ओठ सुकलेल्या मुली दरवेळी दिसतात आणि जीव तुटतो. तुमच्या सरांचा हिशेब कुठून आला ते सांगते. सीनिअर मुलींचे आठ गट आहेत: 46, 49, 53, 57, 62, 67, 73 आणि त्यावर. ऑलिंपिकला त्यातले चारच उरतात: 49, 57, 67 आणि 67 च्या वर. म्हणजे 52-53 ची मुलगी बरोबर मधे अडकते. पण ती पंधराची आहे, अजून वाढणार आहे. खाली ओढण्यापेक्षा तिला 57 कडे वाढू द्या.

तिची पाळी नियमित येते का? खाणं तोडलं की आधी तीच बिघडते, मग हाडं कमकुवत होतात. आणि हा खेळ तर नडगीवर नडगी आपटण्याचा. जरा जरी शंका असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

खेळाच्या बाजूनेही उंची, ताकद कामाला येते. ठोशाला 1 गुण, छातीवरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3. वळून मारली तर छातीला 4, डोक्याला 5. गार्ड इलेक्ट्रॉनिक असतात, छातीवर पुरेसा जोर बसला नाही तर गुणच उमटत नाही. उपाशी पोरगी तिसऱ्या फेरीत तो जोर आणणार कुठून?

57 मध्येच पॅरिसला काय झालं बघा. कोरियाची किम यू-जिन जागतिक क्रमवारीत 24 वी होती. ऑलिंपिक क्रमवारीतल्या पहिल्या पाचांना थेट जागा मिळते, तिला ती मिळालेली नव्हती. ती आशियाई पात्रता स्पर्धेतून आली, तिथे प्रत्येक गटात दोनच जागा असतात. आणि सुवर्ण घेऊन गेली. आपल्या मुलींसाठीही हेच दार जास्त जवळचं आहे.

रावपुरेकर दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यावरून 'कशाला खेळायचं' असं निघत नाही. अफगाणिस्तानची आजवरची दोन्ही ऑलिंपिक पदकं रोहुल्ला निकपाईची, 2008 आणि 2012 ची, दोन्ही तायक्वांदोत. जॉर्डनला कुठल्याही खेळातलं पहिलं पदक 2016 मध्ये अहमद अबूघौशने मिळवून दिलं, तेही थेट सुवर्ण. आपल्या हरियाणाची अरुणा तंवर टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये खेळून आली. या खेळात लहान देश वर येतात, कारण चार बाय चारचं घर असलं तरी किकचा सराव होतो.

अवघड जागा वेगळी आहे, ती पैशाची. राष्ट्रीय सुवर्णाने जागतिक क्रमवारीत एक गुणही मिळत नाही. गुण मिळतात ते आंतरराष्ट्रीय 'जी' स्पर्धांत, म्हणजे क्रमवारीसाठी जी-1, जी-2 अशी श्रेणी दिलेल्या स्पर्धांत: जी-1 जिंकली तर 10, जी-2 ला 20. त्या बहुतेक परदेशात. विमान, प्रवेश फी, हॉटेल हे सगळं अनेकदा घरचं. बाबांची काळजी तिथे रास्त आहे. म्हणून ज्युनिअरची दोन वर्षं इथेच नीट खेळू दे, बारावी होऊ दे, आणि मगच बाहेरच्या स्पर्धांचा खर्च काढा.

एक गोष्ट आजच बघा. तिचं बेल्टचं सर्टिफिकेट कुक्कीवॉनचं, म्हणजे कोरियातल्या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेचं आहे का? क्लासने छापलेलं आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही.

कारेलीबागची आई
मावशी, आज तिने पोळी-भाजी खाल्ली, वरून लीलो चेवडोही मागितला. पाळी मागे लांबली होती, मी परीक्षेचा ताण समजत होते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. उंची पाच फूट पाच, आणि तिचे बाबा सहा फुटी. सरांशी बोलायला ते स्वतः येणार म्हणालेत. सर्टिफिकेट कुक्कीवॉनचंच आहे, पण त्यावर डान नाही, पूम लिहिलंय. परीक्षा परत द्यावी लागेल का?

मॅटवरची मावशी
नाही. डान म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, पंधराच्या आतल्यांना तिच्याऐवजी पूम देतात. आता वय झालंय, तेव्हा क्लासच्या मास्टरमार्फत कुक्कीवॉनकडे अर्ज करा, तेच डानमध्ये बदलून मिळतं. पासपोर्टवरचं नावाचं स्पेलिंग आणि सर्टिफिकेटवरचं एकच आहे ना, ते अर्जाआधी ताडून घ्या. आणि बाबा सहा फुटी असतील तर 49 चा विषय सरांसमोर काढूच नका, सरळ 57 चं बोला.