आईला अल्झायमर आहे. मी एपीओई चाचणी करावी का?

प्रश्न
माझ्या आईला ७८व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले असून तिच्या थोरल्या बहिणीलाही उतारवयात हाच आजार झाला होता. मी ४६ वर्षांचा आहे. हा आजार आमच्या घराण्यात आनुवंशिक आहे असे समजावे का, आणि एपीओई जनुकाची चाचणी करून घेण्यात काही अर्थ आहे का?

पहिला प्रतिसाद
आधी आजार कोणत्या वयात सुरू झाला ते पाहावे. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या जनुकांपैकी एकातील दोष आई किंवा वडिलांकडून आला, तर आजार जवळजवळ अटळ असतो आणि तो दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र असे रुग्ण एकूण रुग्णांच्या एक टक्क्याच्या आसपासच असून त्यांच्यात लक्षणे बहुधा पासष्टीच्या आत, अनेकदा चाळिशी-पन्नाशीतच दिसू लागतात. आपल्या आईचे वय पाहता हा प्रकार असण्याची शक्यता फारच कमी आहे.

दुसरा प्रतिसाद
सहमत. उतारवयातील आजारात मोठा वाटा एपीओईच्या ई४ या प्रकाराचा असतो, हे १९९३ पासून माहीत आहे. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. ई४ची एक प्रत असल्यास धोका साधारण तिप्पट आणि दोन असल्यास आठ ते बारा पट होतो असे सांगितले जाते, परंतु हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ई४चा प्रभाव कमी आढळतो. ई४ असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसतानाही होतो. त्यामुळे निव्वळ कुतूहलापोटी चाचणी करू नये, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आईसाठी डॉक्टरांनी लेकानेमॅब या अल्झायमरवरील औषधाचा उल्लेख केला आहे. त्यासाठी तिची चाचणी लागेल का?

तिसरा प्रतिसाद
होय, ती करून घेणे योग्य ठरते, कारण या औषधाने मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका ई४च्या दोन प्रती असलेल्यांना सर्वाधिक असतो. पण त्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते: आईच्या दोन्ही प्रती ई४ निघाल्या, तर आपली चाचणी न करताही आपल्याकडे आणि आपल्या सख्ख्या भावंडांकडे किमान एक प्रत आहे हे कळून चुकते. तेव्हा अहवाल कोणाला सांगायचा, हे नमुना देण्यापूर्वीच भावंडांशी बोलून, शक्य असल्यास आनुवंशिकता समुपदेशकाच्या उपस्थितीत, ठरवून घ्यावे.