खुनी कोण ते पावसानं ऐकूच दिलं नाही! तुमचेही टॉकीजमधले किस्से सांगा

खानापूरची_लेक
काल रात्री दोनला पत्र्यावर पाऊस असा आदळाय लागला की दचकून उठले. आणि पहिला विचार काय आला, तर "खुनी कोण?" हसू नका, सांगते.

१९९४ च्या आसपासची गोष्ट. मी चौथीत. आषाढ चालू, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. टॉकीजला पत्र्याचं छप्पर, खाली बाकडी, वर बाल्कनीत मोडक्या खुर्च्या. आई, बाबा, काका, मी, सगळे गेलेलो. पिक्चर मराठी, खुनाचा पण विनोदी. नाव म्हणाल तर तेच आठवत नाही, तेवढ्यावरच तर सगळं अडलंय. एक बंगला, एक मेलेला म्हातारा, आणि संशय सहा जणांवर: डॉक्टर, वकील, माळी, आचारी, पुतण्या आणि आत्याबाई.

निर्मात्याकडं पैसे नव्हते हे आम्हा पोरांनाही कळत होतं. बंगल्यात जी निळी फुलदाणी, तीच वकिलाच्या ऑफिसात, तीच पोलीस चौकीत! पिक्चरमधला पाऊस बागेच्या पायपाचा. नटाच्या एकाच खांद्यावर पडायचा आणि मागच्या भिंतीवर लख्ख ऊन. खालून कोणीतरी ओरडलं, "पाणी कमी पडालंय व्हय? कणकुंबीला या की वो!" अख्खं टॉकीज हसलं.

आणि शेवट. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं, "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला, आणि त्याच क्षणाला वर पत्र्यावर धडाड्धूम सुरू. पुढची पाच-सात मिनिटं त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. बोट एकाकडं, मग दुसऱ्याकडं. बाल्कनीतून आवाज आला, "मोठ्यानं बोल की वो सायबा!" मग सहाच्या सहा पळाले, हवालदार घसरून पडला, कोणाला तरी बेड्या घातल्या, पण प्रिंट एवढी काळी की कोणाला ते दिसलंच नाही. समाप्त.

बाहेर वळचणीला तासभर उभे होतो. बाबा म्हणाले डॉक्टर, काका म्हणाले माळी. परत येईपर्यंत दोघं बोलेनात. आई तेवढी गप्प होती.

कोणाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर आपापले किस्से येऊ देत.

अनगोळकर
माळी. लिहून घे.

निपाणीचा_नाना
माळी कसा ओ? आमच्याकडं माळी इंटरव्हलच्या आधीच मेला. मग इंटरव्हलनंतर आला आणि गुलाबांना पाणी घालाय लागला. रिळं उलटसुलट लावलेली, पण ते कोणाला सुचणार! लोक म्हणाले भूत आलं, आता खरी मजा. टाळ्या पडल्या टाळ्या. वखारीतनं सुटून थेट आलेली माणसं, अंगाला तंबाखूचा वास, मागच्या बाकावर एकजण शिंकला की सगळी रांग शिंकायची. माझा मामा अजून म्हणतो असा भयपट परत झाला नाही.

खानापूरची_लेक
नाना 😂😂 म्हणजे तुमच्याकडं तो भुताचाच पिक्चर झाला

चिकोडीचा_जावई
मी हा पिक्चर बघितलेला नाही. पण आमच्या गल्लीत व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन पिक्चर लावायचे, वर्गणी डोक्याला दोन रुपये. तिसरा लागेपर्यंत सगळी झोपलेली असायची आणि जागा फक्त भाड्यावाला, कारण त्याला सकाळी टीव्ही परत न्यायचा असायचा. सगळ्या पिक्चरचे शेवट त्या एकट्यालाच माहीत. त्याला शोधा.

गेट_नं_दोन
आजोबा बेळगावात ऑपरेटर होते, म्हणून थोडं लांबण लावतो.

३५ एमएमचं एक रीळ १००० फुटांचं, चालतं ११ मिनिटं. अशी दोन जोडली की एक मोठा डबा. केबिनमध्ये मशिनी दोन. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो, पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनीची मोटर चालू करायची, दुसऱ्याला पलटी मारायची. तुम्ही नटीकडं बघताय तेव्हा आजोबा कोपऱ्याकडं बघायचे. घरात टीव्हीवर जुना पिक्चर लागला तरी नजर तिथंच.

छोट्या निर्मात्याला जास्त प्रिंटा काढायला परवडायचं नाही. मग एकच प्रिंट दोन टॉकीजला, एकाचा खेळ पाऊण तास पुढं. एका ठिकाणी संपलेला डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून पोरगा दुसरीकडं पळायचा. असाच एक खुनाचा पिक्चर होता (तुमचाच का ते देव जाणे), शेवटचा डबा यायचा होता, आणि टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलं. मालगाडी! पोरगा गेटाच्या पलीकडं डबा घेऊन उभा, खुनी डब्यात, आणि हॉलमध्ये पाचशे माणसं अंधारात. आजोबांनी लाईट लावले. कोणी तरी उठून म्हणालं, चला मतदान घेऊ. हात वर करून मतदान झालं! आत्याबाई निवडून आली. वीस मिनिटांनी डबा आला, खुनी दुसराच निघाला, तर लोक चिडले, म्हणाले हे चूक आहे.

आणि ताई, तुमच्यापर्यंत येईतो प्रिंट दहा गावं फिरलेली असणार. फिल्म तुटली की ऑपरेटर तेवढा तुकडा कापून चिकटवतो. सेकंदाला २४ चित्रं जातात, दरवेळी थोडी थोडी गेली की एखादं वाक्यच गायब. पाऊस नसता तरी "खुनी आहे..." च्या पुढचं नाव तुम्हाला ऐकू आलं असतंच असं नाही.

खानापूरची_लेक
बापरे. म्हणजे तीस वर्षं मी उगाच पावसाला शिव्या देतेय.

अनगोळकर
आत्याबाईला मी पण मत दिलं असतं. तरी माळीच.

वडगावची_ताई
आमच्या शेजारच्या अक्कांना मराठी कळायचं, पण भराभर बोललेलं नाही. मी मधे बसून कन्नडात सांगायची. कोण कोणाचा पुतण्या ते सांगेपर्यंत पुढचा जोक होऊन जायचा, मग सगळे हसून झाल्यावर अक्का एकट्याच हसायच्या, जोरात. लोक वळून बघायचे. पुढचा माणूस वैतागून म्हणाला, "सुम्म कुंदरी!" अक्का त्याला म्हणाल्या, "यारु माडिदारी हेळ, सुम्म कुंदरतीनि." कोणी केलं ते सांग, गप बसते! तो बिचारा गप.
बाकी मंगाईच्या जत्रेला कोण कोण येणार आहे यंदा? घरी या सगळे.

निपाणीचा_नाना
ताई जेवायला काय ते आधी सांगा, मग ठरवतो

वडगावची_ताई
नाना तुम्ही डबा घेऊनच या, गेट पडलं तरी चालेल 😀

यळ्ळूरचा_पैलवान
आम्ही स्वतः काढलाय वो मर्डर मिस्ट्री. २०२०, लॉकडाऊन, मोबाईलवर. खर्च २३०० रुपये, त्यातले ९०० नाष्ट्याचे. मढं म्हणून आजीला झोपवलं कारण दुसरं कोणी गप पडून राहीना. आजी मस्त पडली, पण पोट वर-खाली. चादर घातली तर चादर वर-खाली. शेवटी पोटावर भाताचं पोतं ठेवून बघूया म्हणालो तर मढं उठून बसलं आणि आम्हाला शिव्या घातल्या. तोच शॉट ठेवला.
देवळापुढं पांढरं धोतर बांधून दाखवला. अर्धा गाव आला. खुनी कोण हे कोणी विचारलंच नाही, सगळे म्हणालेत "आमचं म्हशीचं गोठं दिसालंय बघ!" एका काकांनी पिक्चर थांबवायला लावला, कारण मागं त्यांची हरवलेली घमेली कोणाच्या परड्यात आहे ते दिसलं. तपास तिथंच लागला. 🙏

चिकोडीचा_जावई
घमेली मिळाली काय मग?

यळ्ळूरचा_पैलवान
मिळाली. पण दोन्ही घरं अजून बोलत नाहीत.

मुक्काम_पुणे
तुम्ही नशीबवान. इथं परवा असाच कमी बजेटचा विनोदी खुनाचा पिक्चर बघितला, ३२० रुपये तिकीट, हॉलमध्ये आम्ही नऊ जण. प्रेताची पापणी हलली, स्पष्ट हलली, आणि कोणी काही बोललं नाही! मला राहवेना, "जित्ता हाय रे त्यो" म्हणून ओरडलो. बायको दोन सीट सोडून जाऊन बसली. पण मागून एकजण हळूच म्हणाला, "पावणं बेळगावकडचं दिसतंय."

निपाणीचा_नाना
पुण्यात राहून सुधारला नाहीस, बरं वाटलं

खानापूरची_लेक
थांबा थांबा. हे सगळं आत्ता आईला वाचून दाखवत होते. वाटाणे सोलत ऐकत होती. गेट, मतदान, सगळ्याला हसली. मग म्हणते कशी, "मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला परत जाऊन आल्ते की. पाऊस नव्हता त्या दिवशी. तुझी मावशी आणि मी. तुम्हाला मांडे आणाय गेले म्हणून सांगितलेलं."

मी म्हटलं, तीस वर्षं सांगितलं नाहीस?? तर म्हणे, "बाबा नि काका एवढं भांडालते, कोण मधे पडणार."

अनगोळकर
मग कोण??? माळीच ना

गेट_नं_दोन
ताई लवकर लिहा, गेट उघडलंय

खानापूरची_लेक
विचारलं ना. म्हणते आधी वाटाणे सोलून होऊ देत, अजून अर्धी पाटी आहे.

वडगावची_ताई
वाटाणे काय भावानं मिळाले गं? इथं आग लागलीय नुसती.