सापडत नाही म्हणजे लपून बसलीय का?

गिरणगावची:
काल इथे एकाने लिहिलं, "आजच्या काळात नाव टाकून शोधल्यावरही जो शाळासोबती सापडत नाही, त्याला सापडायचंच नसतं." रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी लालबागला म्युनिसिपालटीच्या शाळेत सहावीत होते. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. पगार थांबला, उधारी थकली आणि एका रविवारी ट्रंक, स्टोव्ह घेऊन ते कुटुंब गुहागरकडे गावी गेलं. पत्ता विचारायचंही सुचलं नाही. ऑर्कुटवर तिला शोधलं. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं तोवर शोधत होते. मग फेसबुकवर. पण कोणत्या नावाने शोधायचं? लग्नात आडनाव गेलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं आणि तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही नवीन लिहिलं. जुनं एक अक्षर उरलं नाही. ती लपली होती का?

शेवटचा_बाक:
ताई, वाक्य माझंच आहे आणि अनुभवाचं आहे. आमच्या दहावीच्या ६२ जणांपैकी ५४ मी एकट्याने महिन्याभरात गोळा केले. स्पेलिंग बदलून बघायचं, चव्हाणच तीन तऱ्हांनी लिहितात. एक सापडला की तो दोघांचे नंबर देतो. उरलेले आठ कुठेच नाहीत, म्हणजे त्यांना नकोच आहे.

निळी_शाई:
त्या आठांत मुली किती?

शेवटचा_बाक:
सहा. वर्गात २४ होत्या, १८ मिळाल्या. बहुतेकींचे नंबर त्यांच्या भावांनी दिले.

गिरणगावची:
मग शोधलं कोणी, इंटरनेटने की भावांनी? जिला भाऊ नाही तिने काय करायचं?

सातारी_कंदी:
नाव बदलण्यावर एवढा राग का? माझं नाव सासूबाईंनी हौसेने ठेवलं, मला आवडतं. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधू नका.

निळी_शाई:
तुम्हाला आवडलं, आनंद आहे. मला कोणी विचारलंही नव्हतं. दाखल्यावर एक नाव, बँकेत दुसरं. शेवटी राजपत्रात छापून घ्यावं लागलं, चार महिने हेलपाटे. नाव बदलायलाच हवं असा कोणताही कायदा नाही, तरी नाव न बदललेल्या मुलीला प्रत्येक खिडकीवर "मिस्टरांचं आडनाव वेगळं कसं?" हे ऐकावं लागतंच.

सातारी_कंदी:
हेलपाटे कार्यालयाने घातले, सासरने नाही! दोन्हीची सरमिसळ करू नका.

शेवटचा_बाक:
धागा कुठे चाललाय? मतदार यादी आहे ना. भागवार उतरवून घेता येते, गाव ठाऊक असेल तर चाळायची.

गिरणगावची:
तिथेही तिच्या नावापुढे पतीचंच नाव असतं. माहेरचं काहीच नाही.

निळी_शाई:
आणि मतदार यादी मतदानासाठी असते, बायकांचे पत्ते काढायला नाही. मला असंच "शोधून" न विचारता ग्रुपात घातलं. नव्वद जणांकडे माझा नंबर गेला. माझा घटस्फोट होऊन तीन महिने झाले होते आणि पहिला प्रश्न आला, "मिस्टर काय करतात?" त्याच मिनिटाला बाहेर पडले. कोणी आपल्याला ग्रुपात घालावं हे ठरवायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१९मध्ये दिली, माझ्यासाठी फार उशिरा. तुमच्या हिशेबात मी "नकोच असलेली". मला मैत्रिणी हव्या होत्या, चौकशी नको होती.

शेवटचा_बाक:
हे चुकलंच त्यांचं. मीही विचारून घातलं नव्हतं कोणाला. पुढे विचारीन. पण मी रात्री जागून माणसं जोडली, त्यात वाईट हेतू नव्हता, एवढं तरी माना.

गिरणगावची:
मानते. माझी मैत्रीण कशी सापडली तेही सांगते. तिच्या गावच्या मुंबईकर मंडळाने शिमग्याच्या पालखीचा व्हिडिओ टाकला होता. त्याखाली मी तिचं नाव लिहिलंच नाही. वडिलांचं नाव, वाडी आणि "साचेखात्यात होते" एवढंच लिहिलं. तिच्या पुतण्याने उत्तर दिलं. त्याला म्हटलं, नंबर देऊ नकोस, आधी आत्याला विचार. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मी जुन्या नावाने हाक मारली, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "परत मार." आता ते वाक्य मागे घ्या.

शेवटचा_बाक:
मुलींपुरतं घेतो. आमच्या त्या दोन मुलग्यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.