ओव्हर द्यायचं ट्रेनिंग हवं की वॉर्डात माणसं हवीत?

घोडबंदरची सिस्टर: ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात आहे. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, कशी द्यायची हे शिकवावंच लागतं, नुसत्या अनुभवाने ते येत नाही, असं माझं ठाम मत आहे. सकाळी ऐकायला काय मिळतं? "सात नंबर स्टेबल, विशेष काही नाही." बीपी किती, ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळीत, किती आलं, लघवी शेवटची कधी झाली, एनबीएम, म्हणजे तोंडाने काही न देता, कशासाठी ठेवलंय, कोणता रिपोर्ट यायचाय? हे सगळं मग फाइल चाळून शोधायचं, तेही पेशंटचे नातेवाईक समोर उभे असताना. सध्याची स्थिती, मागची हकीकत, आपलं निरीक्षण आणि पुढे काय करायचं, हा एसबीएआरचा क्रम नव्या मुलींकडून खाटेपाशी उभं राहून घटवून घ्यायला हवा.

वाशी नाइट ड्युटी: अजिबात पटत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, टीचिंग हॉस्पिटल असेल तर तिनामागे एक. आमच्याकडे रात्री दोघींत तीस पेशंट. एकच बीपी आधी टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, लिहा, नर्सेस नोट्समध्ये लिहा, परत कॉम्प्युटरवर चढवा. मग ड्युटी संपताना आठवून आठवून नोट्स भरल्या जातात. ही लिहिण्याची अडाणी सवय नाही, हात कमी आहेत. त्यात ट्रेनिंग ठेवतात आमच्या ऑफच्या दिवशी!

ऐरोलीचा रेसिडेंट: ठरावीक क्रमाने ओव्हर दिली तर वेळ जास्त जाईल, ही भीती खरी ठरत नाही. २०१४ मध्ये आय-पास या ओव्हर देण्याच्या ठरावीक पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ हॉस्पिटलांतल्या बालरोग विभागांत चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि हँडओव्हरला लागणारा वेळ वाढला नाही. तिथे नुसतं लेक्चर नव्हतं. सीनियर शेजारी उभे राहून ऐकायचे आणि काय राहिलं ते लगेच सांगायचे.

वाशी नाइट ड्युटी: तो अभ्यास रेसिडेंट डॉक्टरांचा होता, नर्सेसचा नव्हे. आमच्या शेजारी कोण उभं राहणार? इन्चार्ज सिस्टर सकाळी स्टोअरच्या इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, अडकलेली असते.

नेरूळ, पेशंटचा मुलगा: वडिलांच्या खाटेपाशी ओव्हर झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की पेनिसिलिनची रिअॅक्शन येते. नव्या सिस्टरच्या कागदावर ते नव्हतं. त्यामुळे माझं मत खाटेपाशी ओव्हर देण्याच्या बाजूने.

वाशी नाइट ड्युटी: अॅलर्जी खाटेपाशी विचाराच, त्याला कोण नाही म्हणेल! पण एचआयव्हीचा रिपोर्ट जनरल वॉर्डात मोठ्याने वाचायचा नसतो. २०१७ च्या कायद्यानेही तो गुप्त ठेवायचा आहे. आधी हे शिकवा.

घोडबंदरची सिस्टर: हे मान्य. असं काही नर्सिंग स्टेशनवरच सांगायचं, बाकीचं खाटेपाशी. आणि इन्चार्जला ओव्हरच्या अर्ध्या तासात इंडेंटपासून मोकळं ठेवा, ही मागणी आपण दोघींनी मॅट्रनकडे लावून धरायला हवी. माणसं वाढेपर्यंत ट्रेनिंग थांबवायला मात्र माझी तयारी नाही.

वाशी नाइट ड्युटी: ड्युटीच्या तासांत घ्या आणि तीन जागचं लिखाण एका जागी आणा. मग पहिली मी येते.