लाखेची सीलं असलेली जुनी पाकिटं

प्रश्न: अल्बममध्ये लावली की लाखेला तडे जातात. एका पाकिटावर टपाल खात्याची सीलबंद केल्याची चिठ्ठी आहे; ती खरी कशी ओळखायची?

उत्तर १: अल्बमच्या पानांचा दाब थेट सीलवर येतो. जाड, आम्लरहित पुठ्ठ्यात सीलएवढं भोक कापून ते त्यात बसवा, पाकीट आडवं ठेवा. पीव्हीसीचं कव्हर नकोच, पॉलिएस्टरचं घ्या.

उत्तर २: अशा चिठ्ठ्या फाटलेलं किंवा चुकून उघडलेलं टपाल बंद करायला लावत. त्यामुळे खाली फाटल्याची खूण शोधा. तारखेचा शिक्का अर्धा चिठ्ठीवर, अर्धा पाकिटावर असेल तर फारच छान! बघायला म्हणून चिठ्ठी सोडवू मात्र नका, पुरावाच जातो.

उत्तर ३: निखळलेले लाखेचे तुकडे चिकटवू नका, सोबत जपा.