नोटीस आपल्यालाच का? (सोसायटीचा ग्रुप, इंदूर; नोटीस बी विंगला)

बी-१०१: महापालिकेवाले सकाळी गेटवर नोटीस चिकटवून गेले. ओटला (दारापुढचा ओटा) आणि रॅम्प ३ दिवसांत काढा म्हणे. समोरच्या शोरूमचा रॅम्प अख्खा फुटपाथ खातो, त्याला कुणी हात लावत नाही!

सी-३०४: काकू, दोन्ही पानांचे फोटो टाका. कलम, मापं, सही दिसली पाहिजे.

ए-२०२: आधी समोरचा रॅम्प काढा, मग आमच्याकडे या.

सी-३०४: दादा, उत्तरात हे लिहू नका. दुसऱ्यानंही केलंय म्हणून आपलं बेकायदा काम संविधानाच्या कलम १४ (समानता) खाली वाचत नाही. पण १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेही म्हटलंय की एकच बांधकाम अचानक उचललं आणि शेजारची तशीच सोडली, तर हेतूवर संशय येतो. म्हणून आधी आपली कागदपत्रं, मग शेजारची यादी.

बी-१०१: मग त्या निकालात पाडण्याआधी १५ दिवसांची मुदत आहे म्हणतात, तिचं काय?

सी-३०४: बांधकामाला आहेत. नोटीस रजिस्टर पोस्टानंही यायला हवी आणि तीत सुनावणीची तारीख हवी. कंपाउंडिंग (दंड भरून बांधकाम नियमित करणं) का होत नाही ते आदेशात लिहावं लागतं, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस. फुटपाथ किंवा रस्त्यावरच्या अतिक्रमणाला मात्र यातलं काही लागू नाही. ओटला प्लॉटच्या हद्दीत असेल तर लढू. रॅम्प नालीवर आहे, तो आपणच काढावा. खालचा पाइप साफ करता येत नाही, म्हणून पावसात पार्किंगमध्ये पाणी तुंबतं. उचलता येणारी लोखंडी जाळी बसवा.

ए-२०२: आणि समोरचा?

डी-४०१: त्या पोह्यांच्या गाडीचंही लिहा, गेट अडवते.

ए-३०३: गाडी गेली तर रविवारी जिरावण मसाला मारलेले पोहे कोण देणार? 😀

बी-२०४: भाऊ, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. आपल्याला १५ दिवस हवेत आणि त्याला एकही नको?

डी-४०१: वहिनी, तुमची गाडी अडत नाही म्हणून बोलता.

सी-३०४: भांडण नंतर. आरटीआय आजच टाकू, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. ‘त्यांना का सोडलं’ असं विचारू नका, कारण सांगायला अधिकारी बांधील नाही. कागद मागा: या रस्त्यावर वर्षभरात दिलेल्या नोटिशांच्या प्रती, तारखा, पंचनामे. शोरूमची तक्रार १८१ वर (सीएम हेल्पलाइन) वेगळी. फोटो न पाहता ‘निराकरण झालं’ म्हणाले तर संमती देऊ नका, नाहीतर तक्रार बंद होते.

ए-२०२: शोरूमचे फोटो मी काढतो. रॅम्प मोजूनच.

बी-१०१: सेक्रेटरीसाहेब, मंजूर नकाशाची प्रत गेल्या एजीएमपासून मागतोय.

सेक्रेटरी: कपाटात आहे. संध्याकाळी ७ वाजता ऑफिसात या.

सी-३०४: टेप घेऊन येतो. ओटला हद्दीत किती, बाहेर किती ते आजच मोजू. उत्तर दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय महापालिकेच्या झोन ऑफिसमधून निघू नका.