जुन्या पिकअपचं स्टेअरिंग थरथरतंय, आधी काय चेक करू?

येवलेकर: मंडळी २०१२ ची पिकअप आहे, पुढं सस्पेन्शनला लोखंडी पाटेच. पिंपळगाव ते वाशी टोमॅटो मारतो. ६५-७० ला स्टेअरिंग हातात गदगदायला लागतं, ८० ला जरा शांत. अलाइनमेंट केली, फरक शून्य. फिटर म्हणतोय किंगपिन किट टाका, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती बदला. टाकू का?

डिझेलदादा: थांब भाऊ, पाकीट आत ठेव. अलाइनमेंटनं गाडी एका बाजूला ओढायची थांबते, थरथर जात नाही. ठराविक स्पीडला येतं अन् जातं म्हणजे बहुतेक बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं नाही) नाहीतर टायर. सीट पण हलते का, तर मागची चाकं बघ. अन् रिमच्या आतून हात फिरव, शेतातली काळी माती चिकटून वाळली की तेवढ्यानंही बॅलन्स जातो.

कसाराघाट: ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर डिस्क. एक्सलेटर दिला की वाढतं, सोडला की कमी, तर मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) नाहीतर सेंटर बेअरिंग. पुढं रिमोल्ड टायर (जुन्यावर नवा रबर चढवलेले) आहेत का??

येवलेकर: ब्रेकचा संबंध नाही, सीट शांत. माती खरवडली, किंचित कमी झालं. रिमोल्ड आहे, डावीकडं पुढं 😅

डिझेलदादा: हे आधी सांगायचं ना राव! मागच्या चाकांना दगड लाव, पुढचं जॅकवर घे, टायरच्या ट्रेडजवळ (रस्त्याला टेकणारा भाग) खडू स्थिर धर अन् चाक हळू फिरव. खडू एकाच जागी घासला की टायर गोल नाही. लगेहात चाक वर-खाली धरून हलव, प्ले (ढिलेपणा) आला तर कुणालातरी ब्रेक दाबायला लाव, प्ले गेला तर हबचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. डावी-उजवीकडं धरून खडखडलं तर आधी टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघ.

येवलेकर: खडू एकाच जागी घासतोय दादा. वर-खाली प्ले नाही. स्टेपनी टाकून हायवेला ७० ला नेली, हात सोडला तरी स्टेअरिंग गप्प. किंगपिन कॅन्सल.

कसाराघाट: स्टेपनीचं बॅलन्सिंग करून घे, रिमोल्ड पुढं परत नको. पण खड्ड्यात चाक आपटल्यावर स्टेअरिंग डावी-उजवीकडं झटके द्यायला लागलं तर ते वेगळं दुखणं, तेव्हा किंगपिन, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा), पाट्याचे बुश सगळं बघावं लागेल. अन् चाक काढलंयस ना, तर पहिल्या ट्रिपला मध्ये थांबून नट परत टाइट कर.

येवलेकर: घोटीला थांबून करतो.